‘येत होतं’ आणि ‘आलं’ यांच्या मधले गुण

प्रवेश परीक्षेचा पेपर देऊन आलेलं मूल चपला काढता काढता जे पहिलं वाक्य बोलतं, ते जवळपास ठरलेलं असतं. “सगळं येत होतं गं, पण…” त्या पणच्या पुढे काहीही येऊ शकतं. वेळ पुरला नाही, घाईत चिन्ह चुकलं, दोन पर्यायांत अडकले, फिजिक्सने घात केला. माझ्या भाचीने हे वाक्य उच्चारलं तेव्हा तिच्या आईला त्यात धीर दिसला आणि वडिलांना सबब. मी संख्याशास्त्र शिकवते, म्हणून असेल कदाचित, मला त्यात माहिती दिसली. पोरीला खरंच बरंच येत होतं. येणं आणि पेपरात उतरणं यांच्या मधे काहीतरी गळत होतं, आणि ते नेमकं कुठे गळतंय हे कुणी बघितलंच नव्हतं.

निकाल लागला. तिच्या मनात असलेल्या विद्यापीठाच्या कट-ऑफपेक्षा आकडा थोडा खाली आला, आणि सगळा त्रास त्या ‘थोडा’चा होता. फार खाली असतं तर माणूस चार दिवस रडून दुसरी वाट धरतो. थोडं खाली असलं की पुन्हा बसावंसं वाटतं. तिलाही वाटलं, आणि तिने ठरवलं.

पुन्हा बसणाऱ्यांची जगभर मोठी जमात आहे. चीनमध्ये गाओकाओ या विद्यापीठ प्रवेश परीक्षेसाठी वर्षभर पुन्हा तयारी करणारी मुलं असतात, दक्षिण कोरियात तिथल्या सुनुंग या परीक्षेसाठी असतात. त्या सुनुंगच्या दिवशी इंग्रजी ऐकण्याची चाचणी चालू असताना तिथे विमानांची उड्डाणंसुद्धा थांबवतात. चीनमध्ये सांस्कृतिक क्रांतीच्या काळात बंद पडलेली गाओकाओ १९७७ च्या हिवाळ्यात पुन्हा सुरू झाली, तेव्हा सुमारे ५७ लाख लोक परीक्षेला बसले आणि जेमतेम पावणेतीन लाखांना प्रवेश मिळाला. नियम मात्र सगळीकडे वेगवेगळे. अमेरिकेतली एसएटी ही कॉलेज प्रवेशाची परीक्षा पुन्हा पुन्हा देता येते आणि बरीच विद्यापीठं त्यातला सर्वांत चांगला निकाल धरतात. आपल्याकडे अभियांत्रिकी प्रवेशाची जेईई मेन २०१९ पासून वर्षातून एकाहून जास्त वेळा होते आणि त्यातला चांगला स्कोअर धरला जातो. आयआयटीसाठीच्या जेईई अॅडव्हान्स्डला मात्र लागोपाठच्या दोन वर्षांत दोनच संधी. हा तपशील कोरडा वाटेल, पण किती वेळा बसता येतं यावर तयारीचा अख्खा स्वभाव ठरतो. ज्याच्या हातात एकच संधी उरली आहे, त्याने धोका किती पत्करायचा हे वेगळं असतं.

असो. पुन्हा बसायचं ठरल्यावर पहिला सल्ला सगळ्यांचा एकच होता: आता जोर लाव. भिंतीवर नवं वेळापत्रक लागलं. पहाटेचे दोन तास वाढले, रात्रीचा एक वाढला, रविवार गेला. मला ते वेळापत्रक बघून धास्तीच वाटली. गेल्या खेपेला जे केलं तेच त्यात जसंच्या तसं होतं, फक्त जास्त वेळ.

गुणांकडे आपण वजनकाट्यावरच्या आकड्यासारखं बघतो. उभे राहिलो, काटा स्थिरावला, हे आपलं वजन. परीक्षेचा काटा असा स्थिरावत नाही. तोच विद्यार्थी, तीच तयारी, दुसऱ्या दिवशी दुसरा पेपर, की आकडा हलतो. एसएटी घेणारेसुद्धा हे लपवत नाहीत. दोनशे ते आठशेच्या मोजपट्टीवर मिळालेला गुण इकडे-तिकडे साधारण ३० ने सरकू शकतो, असं ते स्वतःच सांगतात. कोणत्या धड्यावर प्रश्न आले, आदल्या रात्री झोप कशी लागली, दोन पर्यायांपैकी अंदाजाने कोणता टिचकला, हे सगळं त्या एका आकड्यात मिसळलेलं असतं. कट-ऑफ मात्र दशांशात काटेकोर असतो. हा विरोधाभास सोसूनच जगभर प्रवेश चालतात, आणि यावर मला अजून तरी कुठे चांगला तोडगा दिसलेला नाही.

यातून एक गंमत होते. फ्रान्सिस गॉल्टनने १८८६ साली आईबाप आणि मुलांच्या उंचीचे आकडे मांडून दाखवलं की फार उंच आईबापांची मुलं उंच निघतात, पण आईबापांइतकी नाहीत. ती सरासरीकडे झुकतात. परीक्षेतही तेच. ज्या मुलीचा पहिला पेपर तिच्या नेहमीच्या मानाने वाईट गेला, तिचा दुसरा बहुधा थोडा बरा जाणारच, मधल्या काळात तिने काही जगावेगळं केलं नाही तरी. वर पेपरची, खोलीची, घड्याळाची सवय झालेली असते, ती वेगळीच. ‘आमच्याकडे आला आणि गुण वाढले’ असं जे क्लासवाले सांगतात, त्यातला काही भाग अशा आपोआप वाढणाऱ्या गुणांचा असतो. अमेरिकेत एसएटीच्या शिकवण्यांवर जे अभ्यास झाले ते एकत्र तपासून डेरेक ब्रिग्ज यांनी २००९ मध्ये लिहिलं की शिकवणीमुळे होणारी वाढ एकूण सरासरी ३० गुणांच्या आसपास दिसते, तीही १६०० पैकी. क्लास लावू नये असं मी म्हणत नाही. घरात अभ्यासाची शिस्त नसेल, शंका विचारायला कुणी नसेल, तर क्लासचा मोठा आधार असतो. पण ‘क्लास बदलला’ हे गुण वाढवण्याचं उत्तर म्हणून कुणी सांगितलं की मी विषय बदलते.

दुसरी गंमत पर्सेंटाइलची. पर्सेंटाइल आणि टक्के यांत गल्लत करणारे पालक अजून भेटतात. समजा परीक्षेला दहा लाख मुलं बसली. ९० पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या पुढे अंदाजे एक लाख जण. ९५ म्हणजे पन्नास हजार. ९९ म्हणजे दहा हजार. म्हणजे ९० वरून ९५ वर जाणं आणि ९९ वरून ९९.५ वर जाणं, दोन्हींत पुढची रांग निम्मी होते, पण एकीकडे पाचाची उडी लागते आणि दुसरीकडे अर्ध्याची. आणि जिथे गर्दी दाट असते तिथे एखाद-दुसऱ्या प्रश्नावर हजारो जण मागे-पुढे होतात. भाची त्या गर्दीतच उभी होती. तिला अख्खा सिलॅबस नव्याने शिकायची गरज नव्हती. हातातून निसटणारे मोजके प्रश्न पकडायचे होते.

मग आम्ही तिची नोंदवलेली उत्तरं आणि उत्तरतालिका शेजारी शेजारी ठेवून बसलो. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नासमोर तिने कारण लिहायचं, एवढंच ठरलं. पहिल्या पानावर तिने पुन्हा पुन्हा एकच लिहिलं: सिली मिस्टेक, सिली मिस्टेक, सिली मिस्टेक. मी त्या शब्दांवर बंदी घातली. त्या कारणाखाली काहीही खपतं आणि त्यावर उपाय म्हणून फक्त ‘पुढच्या वेळी नीट बघेन’ एवढंच निघतं, जे कुणीच करत नाही.

एक प्रश्न माझ्या अजून डोक्यात आहे. पाया २ असलेले लॉग. क्ष चा लॉग अधिक (क्ष − २) चा लॉग बरोबर ३, तर क्ष च्या किती किमती निघतील? तिने झरझर सोडवलं. दोन लॉगांची बेरीज म्हणजे गुणाकाराचा लॉग, म्हणून क्ष(क्ष − २) = ८. वर्गसमीकरण सुटलं, ४ आणि −२. तिने ‘दोन’ हा पर्याय टिचकला. बरोबर उत्तर एक, कारण ऋण संख्येचा लॉग घेता येत नाही, त्यामुळे −२ बाद. हे तिला माहीत नव्हतं का? झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. म्हणून तर तिने त्याला सिली म्हटलं होतं. खोडून दुसरं कारण लिही म्हटल्यावर तिने बराच वेळ पेन चावलं आणि लिहिलं, “उत्तर मिळालं की मी प्रश्नाकडे परत जात नाही.”

हे वाक्य मग वहीत ठिकठिकाणी उगवायला लागलं. वायूंच्या गणितात तापमान सेल्सिअसमध्ये दिलं होतं आणि तिने २७ तसाच घातला होता, ३०० केल्व्हिन करायचं राहिलं. आकडा पर्यायांत बसला, म्हणून ती पुढे गेली. पेपर काढणारा चुकीच्या वाटेने निघणारं उत्तरही पर्यायांत ठेवतोच, त्याचं कामच ते आहे. एका ठिकाणी ‘खालीलपैकी कोणतं विधान चुकीचं आहे’ असा प्रश्न होता आणि तिने पहिलंच बरोबर विधान बघून त्यावर खूण केली होती. एकीकडे गणित, दुसरीकडे रसायनशास्त्र, तिसरीकडे नुसतं वाचन. वरवर बघता तिघांचा काही संबंध नाही. आत मात्र सवय एकच. त्यावरचा इलाज अगदी साधा निघाला: खूण करण्याआधी प्रश्नाचं शेवटचं वाक्य पुन्हा वाचायचं. पाच-सहा सेकंदांचं काम. ते हाताच्या वळणी पडायला मात्र आठवडे लागले, कारण सोडवण्याच्या वेगाचा तिला अभिमान होता.

खरोखर न येणारं असंही होतं, आणि ते दोन-तीन धड्यांत गोळा झालेलं होतं. ‘वेटेज कमी आहे’ म्हणून कुणीतरी सोडायला सांगितलेले धडे. त्यांवर मी फार बोलणार नाही. ते शिकावे लागतात, दुसरा उपाय नाही, आणि शिकले की त्यातले सोपे प्रश्न लगेच सुटायला लागतात.

सगळ्यांत मोठा खड्डा निघाला तो तिसऱ्याच जागी. पेपरच्या शेवटच्या भागात तिने न उघडलेले प्रश्न होते आणि त्यातले कित्येक तिने माझ्यासमोर हसत हसत सोडवले. तिथवर ती पोहोचलीच नव्हती. का, तर मधे कुठेतरी एका प्रश्नावर ती दहा-अकरा मिनिटं अडून बसली होती. हिशेब करून बघा. जेईई मेनमध्ये १८० मिनिटांत ७५ प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटं २४ सेकंद. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत १८० मिनिटांत १८० प्रश्न, म्हणजे बरोबर एक मिनिट. एका हट्टी प्रश्नाला दिलेली दहा मिनिटं म्हणजे चार ते दहा प्रश्नांचे पैसे एका ठिकाणी मोजणं, आणि गुण तर सगळ्यांना सारखेच.

वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलांना हे फार जड जातं. सोडणं म्हणजे हरणं अशी त्यांची शाळेपासूनची समजूत असते, आणि शाळेत ती बरोबरही असते. तिथे अडून बसणाऱ्याचं कौतुक होतं. प्रवेश परीक्षेत त्याच गुणाचा दंड बसतो. तिने पेपर दोन फेऱ्यांत सोडवायला घेतला. पहिल्या फेरीत वाचताक्षणी वाट दिसेल तेवढेच प्रश्न, बाकीच्यांवर खूण करून पुढे. दुसऱ्या फेरीत अडलेले. सुरुवातीला पहिली फेरी संपेपर्यंत तिचा जीव मागे सोडलेल्या प्रश्नांत अडकलेला असायचा. मॉक टेस्ट देता देता तो सुटला.

निगेटिव्ह मार्किंगबद्दल घरात बराच वाद झाला. वडिलांचं मत, शंभर टक्के खात्री असेल तेच टिचकायचं. हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं. चार पर्याय, बरोबरला चार गुण, चुकीला वजा एक, असा नियम घ्या. डोळे मिटून खूण केली तर चारांतून एकदा चार मिळतात आणि तीनदा एक जातो, म्हणजे सरासरी पाव गुण पदरात. एक पर्याय नक्की चूक आहे हे कळलं तर सरासरी दोनतृतीयांश गुण. दोन बाद करता आले तर दीड. दोनांत अडकल्यावर प्रश्न कोरा सोडणारं मूल दर वेळी सरासरी दीड गुण टाकून देत असतं. जुन्या एसएटीत पाच पर्याय होते आणि चुकीला पाव गुण जायचा, तिथे आंधळ्या अंदाजाची सरासरी बरोबर शून्य यायची. २०१६ मध्ये तो दंडच काढून टाकला. म्हणून नियम वाचून हिशेब करायचा, शेजारच्याचं ऐकून नाही. आंधळ्या पाव गुणासाठी मी तिला टिचकायला सांगितलं नाही. तिथे फायदा चिमूटभर आणि नशिबाचा झोका मोठा.

‘पहिलं सुचलेलं उत्तर बदलू नये’ हाही असाच एक वडीलधारा नियम. जस्टिन क्रूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दीड हजारांहून जास्त उत्तरपत्रिकांवरच्या खाडाखोडी तपासल्या. बदललेल्या उत्तरांपैकी ५१ टक्के चुकीवरून बरोबरवर गेली होती आणि २५ टक्के बरोबरवरून चुकीवर. तरी मुलांना वाटतं की बदललं की घात होतो, कारण बदलून हुकलेला गुण जन्मभर सलतो आणि बदलून मिळालेला पेपर संपता संपता विसरला जातो.

अभ्यासाच्या पद्धतीत तिने एकच गोष्ट मुळापासून बदलली. आधी ती धडा वाचायची, पिवळा मार्कर फिरवायची, पुन्हा वाचायची. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली केलेला एक प्रयोग मी तिला सांगितला. काही विद्यार्थ्यांनी उतारा वाचून पुन्हा वाचला. काहींनी एकदा वाचून, उतारा बाजूला ठेवून, आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर लिहून काढणारे पुढे, आणि तेही चांगल्या अंतराने. परीक्षा पाच मिनिटांनी नसते, हे तिला पटलं. २०१३ मध्ये डन्लॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तोलून बघितल्या, त्यात स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांमध्ये विभागून करणं या दोन वरच्या ठरल्या. मार्कर फिरवणं आणि नुसतं पुन्हा वाचणं तळाला. मग संध्याकाळी पुस्तक मिटून, कोऱ्या कागदावर, आज जे केलं त्यातलं काय आठवतंय ते लिहायचं. पहिल्या दिवशी तिने अर्धं पान लिहिलं आणि रडवेली झाली. “मावशी, मला काहीच येत नाही गं.” मी म्हटलं, “बरं झालं, आज कळलं. परीक्षेत कळण्यापेक्षा बरं.” वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, आणि आपण ओळखीलाच येणं समजून बसतो.

मॉक टेस्टच्या आकड्यांनी घरातली हवा बदलायची, हा एक वेगळाच ताप होता. एखादी चांगली गेली की जेवताना गप्पा, पुढची खाली आली की सगळे सुतकी. मी शेवटी आकड्यांची जबाबदारी माझ्याकडे घेतली आणि घरात एकेक गुण सांगायचा नाही, गेल्या पाच मॉकची सरासरीच सांगायची, असं जाहीर केलं. सरासरी रटाळ असते. तिच्यावर कुणी पेढेही वाटत नाही आणि डोक्याला हातही लावत नाही. शेवटच्या टप्प्यात त्या रटाळपणाची पोरीला फार गरज होती.

तिचे गुण वाढले. डोळे दिपतील असे नाहीत, पण कट-ऑफच्या वेशीवर उभं करतील इतके. आणि इथे, सगळं आटोपलं असं वाटत असताना, पसंतीचा फॉर्म आला, म्हणजे कोणते कोर्स हवेत ते पसंतीच्या क्रमाने लिहायचा फॉर्म.

गुण वाढवायला वर्ष घालवलेली मुलं हा फॉर्म तासाभरात, तेही घाबरून भरतात. तिच्या वडिलांचं म्हणणं होतं की नक्की मिळेल तो कोर्स पहिल्या ओळीत टाक, उगाच वरचं मागायला गेलीस तर तेही जाईल. ही भीती सगळीकडे खोटी नसते. काही प्रवेश पद्धतींत पहिली पसंती लिहिणाऱ्याला आधी जागा देतात, तिथे मोठी उडी महागात पडू शकते. पण डेव्हिड गेल आणि लॉइड शेपली यांनी १९६२ साली कॉलेज प्रवेशावरच्या निबंधात जी पद्धत मांडली, आणि आपल्याकडे आयआयटी-एनआयटीच्या एकत्रित जागावाटपात २०१५ पासून जिच्या धर्तीवर काम चालतं, तिच्यात उमेदवाराने मनातला खरा क्रम लिहिणंच फायद्याचं असतं. वरच्या ओळीत न मिळणारं काही लिहिलं म्हणून खालच्या ओळीवरचा हक्क जात नाही; वरचं नाकारलं गेलं की यंत्रणा पुढच्या ओळीवर येते आणि तिथे तुमचा नंबर तुमच्या गुणांनुसारच लागतो. उलट मिळेल तेच वर लिहिलंत तर तेच मिळतं, त्याहून चांगलं मिळत असतानाही. शेपली यांना या कामासाठी २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, हे सांगूनही भावजींना काही पटलं नाही. तिच्या परीक्षेची नियमपुस्तिका उघडून तो परिच्छेद त्यांच्यासमोर ठेवला, तेव्हा कुठे त्यांनी माउस तिच्या हातात दिला.

पहिल्या फेरीत तिला तिसऱ्या ओळीतली जागा मिळाली. ती धरून ठेवून तिने वरच्या ओळींसाठी नाव चालू ठेवलं, आणि पुढच्या एका फेरीत दुसरीवर सरकली. पहिली शेवटपर्यंत मिळाली नाही. वडिलांनी सगळ्यांत वर टाकायला सांगितलेला कोर्स तिच्या यादीत सातवा होता.